मानेवरचा आकडा

मुंबईहून दोन सर आम्हाला शिकवायला येणार होते आणि मला पाचवा महिना होता. शिकायचं होतं ते असं: किरणोत्सारी पदार्थाचा अपघात झाला, तर तो माणसाच्या आत किती गेलाय हे मोजायचं कसं. अंगावर पडलेलं मोजणं सोपं असतं. मीटर फिरवला की तो टकटकतो. पण श्वासातून किंवा तोंडातून आत गेलेलं शोधावं लागतं, ते कुठं जाऊन बसलंय हे ओळखावं लागतं आणि मग धीर धरून मोजावं लागतं. धीर ही वस्तू आमच्या कोल्हापुरात तशी कमीच मिळते.

ऐंशीच्या आगेमागेची गोष्ट आहे. मी एका धर्मादाय दवाखान्यात तंत्रज्ञ होते. थायरॉइडच्या रोग्यांना किरणोत्सारी आयोडीन द्यायला आमच्याकडं नुकती सुरुवात झाली होती. औषधाची एवढीशी बाटली शिशाच्या जाड भांड्यात बसून रेल्वेनं यायची. आमचे मोठे डॉक्टर स्वभावानं घाबरट. ही बाटली एखाद्या दिवशी स्टेशनात फुटली, हमालाच्या, टांगेवाल्याच्या अंगावर सांडली, तर त्यांना तपासणार कोण, हा किडा त्यांच्या डोक्यात शिरला आणि त्यांनी मुंबईला पत्रं लिहून लिहून हा आठवड्याचा वर्ग मागवून घेतला. शिकायला सांगली-मिरजेचे, बेळगावचे तंत्रज्ञ आले. उद्यमनगरातल्या फौंड्रीत ओतीव लोखंडाचे किरणांनी फोटो काढणारे दोघं आले. आमच्या एक्स-रे विभागातले भाई होतेच. सगळे पुरुष, आणि मी एकटी बाई.

डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत तुम्ही येऊ नका. मी भांडले. मोजणीचं मशीन रोज चालवणार मी, आणि शिकायच्या वेळी घरी बसून शेंगा सोलू? शेवटी तह झाला. मी दाराजवळच्या टोकाच्या बाकावर बसायचं, बाटलीला हात लावायचा नाही, फक्त आकडे टिपायचे. घरी मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. नवरा कागलकडच्या साखर कारखान्यात, हंगाम सुरू झालेला, तो पाळी सुटेल तसा यायचा. सोबतीला कोडोलीहून आत्ती येऊन राहिल्या होत्या. सासूला आमच्यात आत्तीच म्हणतात. आदल्या वर्षी माझं पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, म्हणून यावेळी त्या दोन म्हशी जावेवर सोपवून आल्या होत्या. म्हशी दुसऱ्याच्या हाती देणं ही त्यांच्या दृष्टीनं केवढी गोष्ट होती ते मला ठाऊक होतं.

मोठे सर शिडशिडीत, हळू बोलणारे. धाकटे सर चटपटीत, बोलताना खडू उडवायची सवय. त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावर प्लास्टिकची एक मान आणून ठेवली. नुसतीच मान, वर डोकं नाही. तिच्या पोटात बारकी बाटली ठेवायला भोक होतं. आयोडीन पोटात गेलं की ते थेट गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीकडं धाव घेतं आणि तिथं ठाण मांडून बसतं, म्हणून मोजायचं ते मानेवर. शिशाच्या नळकांड्यात बसवलेला एक स्फटिक असतो, त्याला प्रोब म्हणायचं. तो मानेसमोर ठराविक अंतरावर धरायचा आणि यंत्रावर लाल आकडे धावतात ते बघायचे. मग तोच प्रोब मांडीवर धरायचा.

"मांडी कशाला?" बेळगावकरांनी विचारलं.

"मांडीत थायरॉइड नसते," मोठे सर म्हणाले. "हवेतले, भिंतीतले, रक्तातले किरण दोन्हीकडं सारखे. मानेचा आकडा वजा मांडीचा आकडा. उरेल ते ग्रंथीतलं."

"म्हंजे मटणवाल्याकडचं गणित झालं की, सर," भाई म्हणाले. "हाडाचं वजन वजा करायचं."

मोठे सर हसले आणि त्यांनी तो दाखला पुढच्या तासालाही वापरला. आठवडाभर वर्ग असाच मजेत गेला असता. तिसऱ्या दिवशी धाकटे सर बाटलीतलं आयोडीन थोडं थोडं काढून प्लास्टिकच्या मानेत भरून दाखवत होते. हातमोजे, खाली ट्रे, ट्रेत टीपकागद, सगळं रीतसर. पण बारकी बाटली भोकात बसवताना कलंडली आणि आयोडीन टीपकागदावर सांडलं. ते तसं काही मोठं संकट नव्हतं, त्यासाठीच तो कागद घातलेला असतो. फक्त आमच्यातल्या कुणीतरी उकडतंय म्हणून नेमका तेव्हाच पंखा लावला. ओला कागद उडाला आणि टेबलावरून सरळ दाराकडं, माझ्याकडं आला. बाईच्या जातीला उडालेली वस्तू धरायची सवय असते, मग ती पोळी असो की कागद. मी तो उघड्या हातानं बाकावर दाबून धरला.

नंतर कुणी आरडाओरडा केला नाही. मोठे सर म्हणाले, "चला, आता पुस्तकातलं खरं करू. अपघात झालाय असं समजा नव्हे, झालाच आहे." आणि मग शिकवलेली सगळी रीत पायरीपायरीनं सुरू झाली. पंखा बंद. खोलीतून कुणी बाहेर जायचं नाही. हात साबणानं पुन्हा पुन्हा धुवायचे. घड्याळं, अंगठ्या, गळ्यातल्या साखळ्या काढून पिशवीत टाकायच्या. भाईंनी दंडावरचा ताईतही सोडून दिला. पुरुषांनी सदरे बदलले. मला पडद्याआड नेऊन दवाखान्यातल्या सिस्टरनं आयाबाईंचं निळ्या काठाचं लुगडं नेसवलं, माझी साडी पिशवीत गेली. मग धाकटे सर मीटर घेऊन एकेकाच्या अंगावरून फिरले. पुरुषांच्या छातीपोटावरून तो इस्त्रीसारखा अगदी जवळून फिरला. माझे हात बघितले, पाय बघितले, आणि पदराजवळ येताच त्यांनी मीटर असा लांबून आणि असा झरकन नेला, जशी चुलीची धगच लागत असावी. "ठीक आहे," ते म्हणाले.

मग मानेची मोजणी. सगळ्यांचा आकडा मांडीच्या आकड्याइतकाच आला. चेष्टा सुरू झाली, फौंड्रीवाले एकमेकांच्या माना बघायला लागले. शेवटी मी खुर्चीवर बसले. प्रोब मानेसमोर आला आणि लाल आकडे धावायला लागले. ते थांबेनात. मांडीवर प्रोब नेला तर ते गप्प. पुन्हा मानेवर आणला, पुन्हा धावले. खोलीतली चेष्टा बंद झाली.

तिथं बसलेल्या सगळ्यांना त्या आकड्याचा अर्थ कळत होता आणि मला तर जरा जास्तच कळत होता. आदल्याच दिवशी मोठ्या सरांनी सांगितलं होतं की तिसरा महिना सरला की पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागते, आणि आईच्या रक्तातलं आयोडीन तीही ओढून घेते. मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं. अडाणी असते तर देवाचं नाव घेऊन घरी गेले असते. ज्ञान झालं की तेवढीही सोय राहत नाही.

डॉक्टरांनी साध्या आयोडीनचे तपकिरी थेंब पाण्यात घालून मला प्यायला दिले. ग्रंथी साध्या आयोडीननं भरली की किरणोत्सारी आयोडीनला तिथं जागा उरत नाही. चव गंजलेल्या खिळ्यासारखी. मग सरांनी एक मोठा प्लास्टिकचा कॅन दिला. उद्यापर्यंतची सगळी लघवी यात जमवायची, थेंब वाया घालवायचा नाही. आत गेलेलं गळ्यात बसलं नाही तर तिकडून बाहेर पडतं, म्हणून तीही मोजायची.

कॅन घेऊन घरी गेल्यावर आत्तींना सांगणं भागच होतं. मी मान, मांडी, ग्रंथी सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"पोराला काय हुईल का?" त्यांनी एवढंच विचारलं.

"उद्या कळंल," मी म्हणाले.

त्यांनी उठून कॅन कोपऱ्यात नेऊन ठेवला. मला त्यांचा राग आला. दोन शब्द बोलायला काय जातं, असं वाटलं. रात्र कशी गेली ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी येतो तुझ्यासंगं." आमच्याकडच्या बायका येतो-जातो असंच म्हणतात. कॅन माझ्या हाती त्यांनी दिलाच नाही. केएमटीच्या बसमध्ये तो मांडीवर घेऊन, वरून पदर घालून बसल्या. कंडक्टरनं विचारलं, "काय मावशी, ताक हाय व्हय?"

"व्हय," आत्ती म्हणाल्या. "देऊ का तांब्याभर?"

मला त्या परिस्थितीतही हसू आलं, आणि आत्ती मात्र समोर बघत बसून राहिल्या.

वर्गात पुन्हा तीच खुर्ची, तोच प्रोब. आत्ती दाराबाहेर पायरीवर बसल्या. माझ्या मानेचा आकडा कालच्यापेक्षा थोडासाच उतरला होता. लघवी मोजली, तिच्यात काहीही नव्हतं. पुन्हा मोजली, तरी काही नाही. आता दोन्ही सरांची जुंपली.

"औषध दिलं होतं," धाकटे सर म्हणाले. "म्हणून ग्रंथीतलं वाढलं नाही."

"मग उरलेलं लघवीत उतरायला हवं होतं."

"कदाचित उशिरा उतरेल."

"इतकं? थेंबभरही नाही?" मोठे सर म्हणाले. "वाढतही नाही, बाहेरही पडत नाही, मग ते मानेत बसून करतंय काय?"

हे सगळं माझ्या डोक्यावरून चाललं होतं, मी ती प्लास्टिकची मान असल्यासारखं. माझा पारा चढला. मीही शिकायलाच आले होते, आकडा मलाही वाचता येत होता. यंत्राचं तोंड त्यांनी स्वतःकडं करून ठेवलेलं, म्हणून ते बघायला मी खुर्चीत अंगासकट वळले. आणि आकड्यांचा वेग पडला. सरळ बसले, तो वाढला. पुन्हा वळले, पुन्हा पडला. ग्रंथी काही अशी डावीउजवीकडं सरकत नसते. मी वळले की सरकत होतं ते दुसरंच. मंगळसूत्राच्या वाट्या घरंगळून खांद्याकडं जात होत्या, त्यांचा गार स्पर्श मला चांगला कळला.

मग सगळं लख्ख आठवलं. कागद हाताखाली दाबला, तो ओला आहे हे कळलं, आणि घाबरल्यावर प्रत्येक बाईचा हात जिथं जातो तिथं माझा ओला हात गेला होता. गळ्याशी.

"सर, हे माझ्या आत नाही," मी म्हणाले. "हे मंगळसूत्रात असणार. पोतीच्या दोऱ्यानं शोषलंय."

सगळे पुरुष पंख्याकडं, खिडकीकडं, आपल्या बुटांकडं बघायला लागले. घड्याळं निघाली, साखळ्या निघाल्या, ताईत निघाला, पण लग्न झालेल्या बाईला गळ्यातलं काढ म्हणून सांगायला इतक्या शिकलेल्या माणसांत एकाचंही तोंड उघडलं नव्हतं. सिस्टरनं लुगडं बदललं, तिनंही त्याला हात लावला नाही. मोठे सर म्हणाले, "बाई, हे काल पहिल्यांदा सांगायला हवं होतं. तसा नियमच आहे. माझी जीभ रेटली नाही."

आता कारण कळलं होतं, तरी माझाच हात वर जात नव्हता. विज्ञानाची पदवी घेतलेली मी, पण नवरा रात्रपाळीला चरकाजवळ उभा असतो हे डोळ्यांपुढं आलं आणि बोटं जागची हलेनात. शेवटी मी आत्तींना आत बोलावलं.

"आत्ती, ह्ये काढाय लागतंय."

"का म्हणून? माझा ल्योक जिता हाय."

"त्या औषधाचा थेंब लागलाय ह्येला. गळ्यात हाय तवर आतलं काय खरं कळत न्हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, यंत्राकडं बघितलं. "थांब," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, रागावून घरी चालल्या. पण त्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा हातात एक हळकुंड होतं आणि ओल्या हळदीत बुडवून पिवळा केलेला दोरा. मंगळसूत्र तुटलं, म्हणजे वाढलं, तर नवीन होईपर्यंत बाया गळ्यात हळकुंड बांधतात, ते मला माहीत होतं. डोक्यात आलं नव्हतं एवढंच.

"आदी ह्ये बांधायचं, मग त्ये काढायचं," आत्ती म्हणाल्या. "गळा मोकळा ठेवायचा न्हाय."

"एक मिनिट," मोठे सर म्हणाले. "ते हळकुंड आधी मोजू या." आणि खरोखरच त्यांनी हळकुंड प्रोबखाली धरलं, वेळ लावून मोजलं आणि गंभीरपणे सांगितलं, "यात काही नाही."

"काय आसणार?" आत्ती म्हणाल्या. "हळद हाय ती."

पुरुष न सांगता भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, भाईसुद्धा. आत्तींनी हळकुंड बांधलं. मी हातमोजे घालून मंगळसूत्र डोक्यावरून काढलं, ट्रेमध्ये ठेवलं, मान आणि छाती साबणानं धुतली आणि खुर्चीवर बसले. प्रोब मानेसमोर आला. लाल आकडे संथपणे एकेक पडायला लागले. मांडीवरही तसेच. वजाबाकी केली तर हाती काहीच उरलं नाही. मग ट्रेवर प्रोब नेला आणि यंत्र पिसाळल्यासारखं धावलं.

"ताई, सोन्याला भलतीच तेजी आली की," भाई म्हणाले.

सगळी खोली हसली. मीही हसले, आणि हसता हसता सिस्टरच्या गळ्यात पडले. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आदल्या दिवसापासून छातीवर जो दगड होता तो गेला, हे अगदी अंगाला कळलं. डॉक्टर तर बाहेर जाऊन चहा सांगून आले. मंगळसूत्र शिशाच्या भांड्यात गेलं. त्यातला जोर ओसरायला अडीच-तीन महिने तरी लागणार होते, तोवर माझ्या गळ्यात हळकुंडच. पुढं पटवेगारांनी ते नव्या दोऱ्यात ओवून दिलं. जुना दोरा पंचगंगेत सोडायचा असा आत्तींचा हट्ट होता आणि तो नदीत जाऊ द्यायचा नाही असा माझा. त्यावरून आम्ही चांगल्या कडाकडा भांडलो. नवऱ्यानं मात्र हळकुंड बघून फक्त "कढीला कमी पडली व्हय हळद?" एवढंच विचारलं होतं.

पण त्या दिवशी चहा येईपर्यंत आत्ती खोलीतून हलल्या नाहीत. मोठे सर वही मिटत होते. आत्ती त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरीचं झालं," त्या म्हणाल्या. "आता पोटातल्याचं बगा."

धाकटे सर समजावून सांगायला लागले. मावशी, आईच्या मानेत नाही, लघवीत नाही, म्हणजे बाळात असायचं कारणच नाही. ते सांगत होते ते शंभर टक्के बरोबर होतं. आत्तींनी ते सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा म्हणाल्या, "तिचं बगितलासा. त्येचं कोण बगणार?"

मोठ्या सरांनी धाकट्यांना हातानं थांबवलं. त्यांनी मला परत खुर्चीवर बसवलं, प्रोबचा खटका सैल करून तो खाली आणला आणि माझ्या पोटासमोर स्थिर केला. मोजपट्टी घेऊन अंतर मोजलं. यंत्र शून्यावर आणलं आणि मानेला लावला होता तेवढाच पुरता वेळ लावून मोजलं. असल्या मोजणीची काही गरज नाही हे मला माहीत होतं, आणि तरी आकडा थांबेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

"काही नाही, आजी," मोठे सर म्हणाले. "रिकाम्या खोलीत येतो तेवढाच आकडा आहे. बाळ स्वच्छ आहे."

"बरं," आत्ती म्हणाल्या. "मग मी जेवतो आता."

तेव्हा मला कळलं की आदल्या दिवशी तांदळाचं ताट बाजूला सारल्यापासून त्यांनी तोंडात काही घातलेलं नव्हतं. त्या पायरीवर जाऊन बसल्या. माझ्यासाठी आणलेला डबा त्यांनी उघडला आणि खाली मान घालून भाकरी आणि मिरचीचा खर्डा खायला लागल्या. मी शेजारी बसले. दुसऱ्या घासालाच त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"तिखाट झालंय," त्या म्हणाल्या.

तो खर्डा त्यांनी स्वतः कुटला होता, आणि खर्ड्यानं आत्तींच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला आणि डब्यातली अर्धी भाकरी उचलून खायला लागले.